स्वस्त टॅब आणि घरचा दिवस
(नभोवाणीवरील भाषण)



पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हसा गांवीं म्हसोबाची जत्रा भरते. तेथील बैलांचा बाजार आणि घोंगड्यांचीं दुकानें आपल्यापैकीं कांहींनीं पाहिलीं असतील. बैल घ्यावयास आलेला शेतकरी बाजारांत शिरतांच किंमत विचारीत नाहीं. तो आधीं बैलाचे दात पाहतो, पाठीवरून हात फिरवितो, चार पावलें चालवून पाहतो. डोळ्यांपुढें असतो तो जत्रेंतला सजविलेला बैल. पण मनांत तो हिशेब करीत असतो आपल्या भाताच्या खाचरांतला, गुडघाभर चिखलांतला.

आपण शहरांतले शिकलेले लोक टॅब घ्यावयास दुकानांत जातों, तेव्हां मात्र ही साधी रीत विसरतों. डब्यावर छापलेले आंकडे वाचतों, दोन दुकानांतील किंमती ताडून पाहतों, आणि 'स्वस्तांत बरा मिळाला' असें म्हणत घरीं येतों. लहान आकाराचा, थोड्या किंमतीचा टॅब रोजच्या वापरास पुरतो कीं नाहीं, हें कशावरून ठरवावें, याविषयीं आज मला चार शब्द बोलावयाचे आहेत. माझें बोलणें शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील घरांना धरून आहे. कारण या बाबतींत माझी स्वतःची चूक तेथेंच झाली.

सन २०२० च्या मार्च महिन्यांत साथीमुळें शाळा बंद झाल्या, हें आपणांस आठवत असेलच. मुरबाड तालुक्यांत दिलेल्या माझ्या बहिणीची मुलगी त्या वर्षीं आठवींत गेली. तिचा अभ्यास बुडूं नये म्हणून मीं ठाण्याच्या एका दुकानांतून लहानसा टॅब घेतला आणि पाठवून दिला. फोनवर विचारलें कीं उत्तर येई, "मामा, छान आहे." दिवाळीनंतर मी त्यांच्या घरीं गेलों. टॅब कपाटांत, त्याच्या मूळच्या पिशवींत, नीट गुंडाळून ठेवलेला होता. आणि मुलगी ओटीवर बसून मैत्रिणीच्या वहींतून धडा उतरवून घेत होती.

वस्तु मोडकी नव्हती. पण तिच्यांत सिमकार्ड घालावयाची सोयच नव्हती. घरांत फोन एकच, तो वडिलांचा. आणि वडील मुरबाडच्या औद्योगिक वसाहतींत पाळीला जात, तेव्हां फोन त्यांच्याबरोबर जाई. पावसाळ्यांत वीज वारंवार जाई. आली कीं टॅब भरावयास चार-पांच तास लागत. पाठ्यपुस्तक उघडलें तर अक्षरें मुंगीएवढीं दिसत. मीं बहिणीला विचारलें, "मला सांगितलें कां नाहींस?" ती म्हणाली, "दादा, तुम्ही एवढ्या मायेनें आणलात, त्यांत काय बोलायचं?"

या उत्तरानें मला जें शिकविलें, तें कोणत्याही माहितीपत्रकांत छापलेलें नाहीं. आपण पैसे देऊन घेतलेली वस्तु निरुपयोगी निघाली तर आपण दुकानदाराशीं भांडतों. भेट मिळालेल्या घराला तीहि मुभा नसते. तें घर वस्तु झांकून ठेवतें आणि चांगलें बोलतें. मुलीचें तें वर्ष मात्र परत येत नाहीं.

स्वस्त टॅबचा एक मोठा प्रयोग आपल्या देशांत पूर्वीं होऊन गेला आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजीं दिल्ली येथें केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनीं 'आकाश' नांवाचा टॅब लोकांपुढें आणला. सरकारास तो सुमारें २,२५० रुपयांस पडे. पडदा सात इंचांचा होता. प्रोसेसरचा वेग ३६६ मेगाहर्ट्झ आणि स्मृति, म्हणजे रॅम, २५६ मेगाबाइट. पडद्यावर नुसतें बोट टेकवून काम होत नसे. तो दाबावा लागे. ज्यांच्या हातीं तो प्रथम पडला, त्यांच्याकडून मंदपणाच्या आणि बॅटरी लौकर उतरण्याच्या तक्रारी आल्या. पुढें हें काम मुंबईच्या आय. आय. टी.कडे आलें, आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजीं राष्ट्रपति प्रणव मुखर्जी यांच्या हस्तें 'आकाश-२' बाहेर पडला. त्याची रॅम दुप्पट होती, वेग १ गिगाहर्ट्झ होता, पडदा हलक्या स्पर्शानें चालत होता. आणि किंमत जवळजवळ पूर्वीचीच होती. 'स्वस्त आहे, तेव्हां असाच असावयाचा' ही सबब किती पोकळ आहे, हें त्या एका वर्षानें दाखविलें. स्वस्त वस्तूकडून थोडें मागावें. पण जें मागितलें तें तिनें रोज द्यावें, इतकी अपेक्षा रास्त आहे.

आतां परीक्षा कशी करावी तें पाहूं. उदाहरणासाठीं २०२३ सालीं निघालेला सॅमसंगचा 'गॅलॅक्सी टॅब ए९' घेऊं. पडदा ८.७ इंच, त्यावर १३४० गुणिले ८०० ठिपके, बॅटरी ५१०० मिलिॲम्पिअर-तास. या वर्गांतील पुष्कळ टॅबचे आंकडे याच्या आसपास असतात.

पहिली परीक्षा अक्षराची. बालभारतीचीं पुस्तकें विनामूल्य उतरवून घेतां येतात, ही मोठी सोय आहे. परंतु ८.७ इंच हें माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचें असतें. उभ्या धरलेल्या या पडद्याची रुंदी जेमतेम ११ सेंटिमीटर भरते. २१ सेंटिमीटर रुंदीचें छापील पान त्यावर आलें कीं अक्षर निम्म्याहून थोडेंच मोठें राहतें. इंग्रजी अक्षर एवढ्या आकारांतहि निभावतें. आपल्या नागरी अक्षरावर मात्रा, रफार, अनुस्वार, खालीं उकार, पोटांत जोडाक्षर, असा सारा संसार असतो. तो पुसट झाला कीं अर्थच बदलतो. टॅब आडवा धरला तर रुंदी १९ सेंटिमीटर होते आणि अक्षर जवळजवळ मूळ आकाराचें दिसतें. मात्र पान एका दृष्टींत मावत नाहीं, सरकवीत वाचावें लागतें. तेव्हां दुकानांत चित्रपट पाहूं नये. मराठी पुस्तकाचें पान उघडावें, दाराबाहेर उन्हांत जावें आणि तेथें वाचून पाहावें. खेड्यांतला अभ्यास ओटीवर आणि अंगणांत होतो. दुकानांतल्या दिव्याखालीं होत नाहीं.

दुसरी परीक्षा विजेची. ५१०० मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी म्हणजे सुमारें २० वॅट-तासांचा सांठा. टॅब चालतांना तीन-चार वॅट वीज खातो असें धरलें, तर पांच-सहा तासांचें काम होतें. एका विद्यार्थ्यास हें पुरे आहे. पण हा सांठा भरावयास किती वेळ लागतो, हें कोणी विचारीत नाहीं. जुना पांच वॅटचा चार्जर लावला, तर चार तासांहून अधिक. १५ वॅटचा लावला आणि टॅबनें ती वीज घेतली, तर साधारण दोन तास. जेथें वीज अखंड आहे तेथें हा फरक क्षुल्लक वाटतो. जेथें ती येऊन-जाऊन असते, तेथें हाच फरक उद्यांचा अभ्यास होईल कीं नाहीं तें ठरवितो.

तिसरी परीक्षा संपर्काची. सिमकार्डाचा टॅब थोडा महाग पडतो, म्हणून आपण केवळ वायफायवर चालणारा घेतों. शहरांतल्या घरीं वायफाय भिंतीला टांगलेलें असतें. आसनगांवाहून किंवा वाशिंदहून पहांटेची लोकल धरणाऱ्या माणसाच्या घरीं इंटरनेट म्हणजे त्याचा फोन, आणि तो सबंध दिवस घराबाहेर असतो. अशा घरीं सिमचा टॅब घ्यावा. तें न साधल्यास फोन रात्रीं घरीं येतो तेव्हां दुसऱ्या दिवसाचे धडे उतरवून ठेवण्याची शिस्त लावावी, आणि त्यासाठीं टॅबमध्यें मेमरी कार्ड घालावयाची जागा आहे ना, हें पाहावें. डब्यावर ३२ गिगाबाइट लिहिलें असलें तरी त्यांतील बराच भाग यंत्र स्वतःच व्यापून बसतें.

चौथी परीक्षा वेगाची आणि वयाची. दुकानांत पुस्तक उघडावें, तें बंद न करतां धड्याची चित्रफीत लावावी आणि परत पुस्तकाकडे यावें. येथें टॅब अडखळला तर घरीं तो अधिकच अडखळेल. तसेंच, सुरक्षेचीं नवीं रूपें या टॅबला आणखी किती वर्षें मिळणार, हें विचारावें. तीं थांबलीं कीं टॅब जुना होत जातो आणि कांहीं दिवसांनीं बँकेचीं व पैसे देण्याघेण्याचीं ॲपें त्यावर चालेनाशीं होतात. दोन हजार रुपये वाचविण्यासाठीं तीन वर्षांपूर्वींची वस्तु घेणें म्हणजे म्हाताऱ्या बैलाच्या शिंगांना रंग लावलेला पाहून भुलणें होय.

पांचवी परीक्षा मोडतोडीची. टॅब पडणार, कांच फुटणार, हें धरूनच चालावें. घेण्यापूर्वीं शहापूरच्या किंवा मुरबाडच्या बाजारांत फोन दुरुस्त करणाऱ्याला विचारावें कीं, या टॅबची कांच तुमच्याकडे मिळेल काय? तो नाहीं म्हणाला तर पुढें कल्याणची वारी आली. मुरबाडला अद्याप रेल्वे नाहीं, एस. टी.नें जाऊन-येऊन दिवस मोडतो, आणि रोजावर काम करणाऱ्याचा दिवस म्हणजे त्याची मजुरी.

आपली खरी फसगत होते ती जवळिकीमुळें. शहापूर मुंबईपासून लोकलच्या वाटेवर आहे, म्हणून तेथील घर आपल्या घरासारखेंच असेल असें आपण गृहीत धरतों. पण भातसा आणि तानसा यांचें पाणी ज्या तालुक्यांतून मुंबईस येतें, त्याच तालुक्यांतील पाड्यांवर उन्हाळ्यांत पाण्याचे टँकर जातात. नकाशावरचें अंतर थोडें आहे. दोन घरांच्या दिवसांमधलें अंतर मोठें आहे.

याचा अर्थ असा नव्हे कीं, हीं यंत्रें खेड्यांस शोभत नाहींत. शहापूर तालुक्यांतील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिक्षक संदीप गुंड यांनीं संगणक आणि पडदा यांचा रोजच्या शिकविण्यांत उपयोग करून दाखविला, आणि ती शाळा राज्यांतील डिजिटल शाळांचें उदाहरण म्हणून गाजली. तेथें यंत्रामागें एक माणूस होता. उद्यां वर्गांत काय लागणार हें त्याला ठाऊक होतें. टॅब नुसता पाठवून देणाऱ्या माझ्यासारख्या माणसास तें ठाऊक नसतें.

मुरबाड तालुक्यांतील फांगणे गांवचें उदाहरणहि घेण्याजोगें आहे. योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकारानें आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साहाय्यानें ८ मार्च २०१६ रोजीं तेथें आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी उलटलेल्या स्त्रिया गुलाबी नऊवारी नेसून तेथें पाटीवर अक्षरें गिरवूं लागल्या. पाटी उघडावी लागत नाहीं, भरावी लागत नाहीं, उन्हांत दिसते, आणि फुटली तर थोडक्या पैशांत दुसरी मिळते. पाटीला वाचून दाखवितां येत नाहीं, अधू डोळ्यांसाठीं अक्षर मोठें करतां येत नाहीं, हें खरें. तें टॅबला येतें. परंतु टॅबनें पाटीची जागा घ्यावयाची असेल, तर पाटीची ही भरंवशाची सवय त्यानें थोडी तरी उचलली पाहिजे.

मग निर्णय काय? आडवा धरून पुस्तक वाचणें, उतरवून ठेवलेले धडे ऐकणें-पाहणें, पुस्तकांतील क्यूआर कोडवरून 'दीक्षा' उघडणें, एवढ्यासाठीं लहान टॅब पुरतो. तो हातांत हलका असतो आणि लहान मुलासहि पेलतो. लांब लिखाण, मोठे अर्ज भरणें, यांसाठीं तो पुरत नाहीं. सांगितलेल्या पांच परीक्षांत तो उतरत नसेल, तर तेवढ्याच पैशांत वडिलांच्या फोनखेरीज घरीं राहणारा एक साधा फोन आणि छापील पुस्तकांचा संच अधिक उपयोगी पडेल. असें सुचविण्यांत कमीपणा मानूं नये.

गेल्या वर्षीं माझ्या भाचीच्या धाकट्या भावासाठीं टॅब घ्यावयाचा होता. या वेळीं मीं पैसे दिले आणि निवड तिच्यावर सोंपविली. मुरबाडच्या दुकानांत तिनें दुकानदाराकडून मराठीचें पुस्तक उघडून घेतलें, टॅब घेऊन ती दाराबाहेर उन्हांत उभी राहिली, आणि पहिले दोन टॅब तिनें परत केले. दुकानदार थोडा चिडला. तिसरा तिला पसंत पडला. तो मीं निवडला असता त्यापेक्षां सातशें रुपयांनीं महाग होता. तो कपाटांत नाहीं. मागल्या आठवड्यांत फोन केला तेव्हां भाचा म्हणाला, "मामा, जरा थांबा, धडा चालला आहे."