ओतीव पायदान



इतिहासावर आणि संतवाङ्मयावर अधिकाराने बोलणारे या व्यासपीठावर येतात, आणि आज आम्ही मोटारसायकलच्या पायदानावर बोलणार, याचा थोडा संकोच वाटतो. पण राजाराम कारखान्याचा हंगाम लागला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर ज्या रस्त्याने जातात, त्याच रस्त्याने आपली मुले वेगवान गाड्या नेतात. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

कंपनीची गाडी निघते ती सर्वांसाठी. हौशी माणसाला ती आपल्यापुरती बदलून हवी असते. कोणी मागचे दातेरी चाक बदलतो. २०१३ साली आलेल्या ड्यूक ३९० ला पुढे १५ आणि मागे ४५ दात होते; मागे ४८ केले की गुणोत्तर ३ चे ३.२ होते, गाडी चटकन उचलते आणि त्याच वेगाला इंजिन सुमारे सात टक्के अधिक फिरते. कोणाला वळणावर जास्त झुकायचे असते, तो पायदान वर आणि मागे घेतो. आमची गोष्ट त्या पायदानाची.

असे जादा भाग करणाऱ्या एका कारखानदारांनी आम्हां तिघांना त्यांचे पायदान वापरून अभिप्राय लिहायला सांगितले. वस्तूचे पैसे आम्ही दिले. फुकट मिळालेल्या वस्तूची खोड सांगताना जीभ कशी जड होते, हे आम्ही पूर्वी एकदा अनुभवले होते.

बावड्याहून निघून वाघबिळाचा घाट चढून पन्हाळा, आणि परत, असे महिनाभर चालले. पाय बसतो छान, दिसतेही देखणे. एका रविवारी गाडी धुताना उजव्या पायदानाच्या आधाराला, आतल्या कोपऱ्यात, केसाएवढी रेघ दिसली. रंगाची असेल म्हणून सोडून देण्यासारखीच होती. आमच्यातल्या एकाने आयुष्य फाउंड्रीत घालवले आहे. त्याने रंग खरवडला, भाग रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, कोरडा पुसला आणि वर खडूची पूड फासली. भेगेत शिरलेले रॉकेल हळूहळू झिरपले आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटली. मागच्या ब्रेकचा पंप याच आधाराला बसवलेला असतो. आधार तुटला की पायाखालची जागाही जाते आणि मागचा ब्रेकही.

कारण शोधायला लांब जावे लागले नाही. मूळ परदेशी पायदान अ‍ॅल्युमिनियमच्या भरीव ठोकळ्यातून कोरलेले होते. आमच्या मालकांनी त्याचा पॅटर्न करून ते ओतले. जाड गड्डा आणि पातळ हात जिथे मिळतात तिथे धातू थिजताना आकसतो, आत पोकळी राहते. त्यातच कोपरा काटकोनी, गोलाई नाही. सारा ताण तिथेच साठतो. पाहून घडवण्याची विद्या कोल्हापूरला नवी नाही. बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेरा पाहून इथेच कॅमेरा घडवला, आणि त्यावर टिपलेला 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. पण कॅमेऱ्यावर कोणी उभे राहत नाही!

मालकांपुढे तुकडा ठेवला. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “लिहा की, पण पुढचा लॉट निघूस्तोवर थांबा. तुमच्या एका कागदानं धंदा बसंल माझा.” माणूस लबाड नव्हता, कर्ज काढून मशीन घेतलेले, चार कामगार हाताखाली. आम्हांला त्यांचे वाईट वाटले, आजही वाटते. आम्ही विचारले, “विकलेल्या जोड्या किती?” चौदा होत्या. “त्या गाड्यांवर आत्ता कोण बसलंय?”

त्यांनी वही काढली आणि आमच्यासमोरच फोन लावायला सुरुवात केली. अभिप्राय आम्ही त्याच आठवड्यात प्रसिद्ध केला. त्यात भेगेचे छायाचित्र होते, आणि मालक माल परत घेत आहेत हेही होते. आता ते पायदान भरीव ठोकळ्यातूनच कोरतात. किंमत वाढली, गिऱ्हाईक कमी झाले. आमच्याशी बोलणे आहे, पण पूर्वीइतके मोकळे नाही.

तेरा जोड्या परत आल्या. चौदावी कोणी रोखीने नेली. वहीत नाव नाही. काळा रंग, मागच्या अंगाला ओतकामाची खरखर, कोरल्याच्या खुणा कुठेच नाहीत, अशी ती आहे. मंडपाबाहेर बऱ्याच गाड्या उभ्या दिसतात. जाताना जरा वाकून उजव्या बाजूला पाहा. तसे पायदान दिसले तर आज ती गाडी चालवू नका, आम्हांला हाक मारा. खडू आणि रॉकेल आम्ही बरोबर आणले आहे.