हृदयविकार आणि आपला समाज
(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासात आपण येथे धम्मग्रंथाचे वाचन ऐकण्यासाठी येता. अशा ठिकाणी आम्ही हृदयविकाराचा विषय घेऊन उभे राहिलो, याचे काहींना आश्चर्य वाटेल. म्हणून आरंभीच विनयपिटकातील एका प्रसंगाचे स्मरण करतो. एक भिक्खू अतिसाराने आजारी पडला होता. आपल्याच मलमूत्रात तो एकटा पडून होता. तथागत आनंदासह तेथे आले. त्यांनी स्वतःच्या हाताने त्याला आंघोळ घातली, आनंदाच्या मदतीने उचलून खाटेवर निजवले. मग संघाला एकत्र बोलावून विचारले की, याची शुश्रूषा कोणी का केली नाही. तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता, असे उत्तर मिळाले. तेव्हा तथागतांनी संघाला बजावले की, येथे तुमची आई नाही, वडील नाहीत. तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार? आजाऱ्याची सेवा हा धम्माचाच भाग आहे, हे त्या दिवशी ठरून गेले. आजचा विषय त्याच्या बाहेरचा नाही.

दुसरे कारण आमच्या मनाला लागलेले आहे. आपल्या संस्थेचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते होते. जयंतीच्या वर्गणीपासून अंत्ययात्रेच्या व्यवस्थेपर्यंत प्रत्येक कामात पुढे. एका रात्री त्यांच्या छातीत भरून आले, घाम सुटला. पित्त झाले असेल म्हणून घरच्यांनी सोडा दिला, पाठीला बाम चोळला. दवाखान्याचा खर्च नको, सकाळी पाहू, असे ते स्वतःच म्हणाले. सकाळ झाली तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांच्या शोकसभेत आम्ही सर्वांनी भाषणे केली. पण त्या रात्री काय करायला हवे होते, हे आम्हांपैकी एकालाही सांगता आले नाही. ती खंत आज बोलून दाखवतो आहोत.

भगवंताने दुःख, दुःखाचे कारण, दुःखाचा निरोध आणि निरोधाचा मार्ग असा क्रम सांगितला. वैद्यही याच क्रमाने विचार करतो. आपणही तसेच जाऊ.

प्रथम दुःख. हृदय म्हणजे एक स्नायू. त्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आतल्या बाजूस वर्षानुवर्षे चरबीचे थर साचतात. एखादे दिवशी असा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. पुढचा स्नायू रक्तावाचून मरू लागतो. तो एका क्षणात मरत नाही, तासातासाने मरतो. म्हणून या रोगात वेळेइतकी मोलाची गोष्ट दुसरी नाही.

हा रोग बंगल्यात राहणाऱ्या, तूप खाणाऱ्या माणसाचा, असा आपल्या वस्तीत समज आहे. तो समज आता टाकून द्यावा. सन २००४ मध्ये 'इंटरहार्ट' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५२ देशांतील सुमारे १५ हजार हृदयरुग्ण आणि जवळपास तितकेच निरोगी लोक त्यात तपासले गेले. त्यात दिसले की, भारतीय उपखंडातील माणसाला पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो. इतरत्र तो ५८-५९ च्या आसपास येतो. म्हणजे मुलीचे लग्न व्हायचे आहे, मुलाचे शिक्षण चालू आहे, अशा वयात आपल्याकडचा कर्ता माणूस जातो.

आता कारण. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली आणि त्या गावाचा अभ्यास पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालला. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध जगाला ठामपणे कळला तो मुख्यतः तेथून. इंटरहार्टने तेच चित्र सर्व खंडांत पाहिले. तंबाखू, रक्तातील बिघडलेली चरबी, उच्च रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट, मनावरचा ताण, भाज्या-फळांची कमतरता आणि व्यायामाचा अभाव ही त्यातील प्रमुख कारणे. तपासलेल्या अशा नऊ बाबींतच पुरुषांमधील ९० टक्के आणि स्त्रियांमधील ९४ टक्के धोक्याचा उलगडा होतो. यांतील एकही गोष्ट कपाळावर लिहिलेली नसते. नशीब, पूर्वकर्म, कोणाची नजर यांना येथे जागा उरत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला कार्यकारणभाव पाहायला शिकवले. तो येथे आकड्यांत उभा आहे.

तंबाखूबद्दल थोडे अधिक बोलू, कारण ती आपल्या घरात आहे. सिगारेट वाईट, बिडी त्या मानाने हलकी, आणि तंबाखू नुसती मळून खाल्ली तर काही होत नाही, असे आपण ऐकतो. याच अभ्यासाचा तंबाखूविषयीचा भाग २००६ साली आला. त्यात बिडी ओढणाऱ्याचा झटक्याचा धोका न ओढणाऱ्याच्या जवळपास तिप्पट आढळला, म्हणजे सिगारेटइतकाच. नुसती तंबाखू खाणाऱ्याचाही धोका दुपटीहून अधिक निघाला, आणि ओढणे व खाणे दोन्ही करणाऱ्याचा चौपट. मशेरी लावणाऱ्या आयाबहिणींनी आपल्या डबीतही तंबाखूच असते, हे विसरू नये. पाचवे शील आपण रोज घेतो ते दारूसंबंधी. आमची विनंती अशी की, घेताना खिशातल्या पुडीचीही आठवण ठेवावी.

आता ज्या अभ्यासासाठी आम्ही हा विषय मुद्दाम निवडला, त्याकडे येतो. आपल्याच देशातील ५० शहरांमधल्या ८९ रुग्णालयांत हृदयविकाराच्या झटक्याने दाखल झालेल्या २०,९३७ रुग्णांची नोंद ठेवली गेली. 'क्रिएट' या नावाने तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठा झटका आलेल्यांपैकी निम्म्या रुग्णांना रुग्णालयात पोहोचायला सहा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागला होता. रुग्णवाहिकेने येणारे फारच थोडे होते. रुग्णांची श्रीमंत ते गरीब अशी वर्गवारी केली, तेव्हा ३० दिवसांत श्रीमंतांपैकी ५.५ टक्के दगावले आणि गरिबांपैकी ८.२ टक्के.

हा फरक कशामुळे? गरिबाचे हृदय कमजोर होते काय? त्याची व्यसने अधिक होती काय? अभ्यासकांनी हे सर्व हिशेबात घेऊन पाहिले, तरी फरक राहिलाच. मग मिळालेला उपचार हिशेबात घेतला आणि फरक नाहीसा झाला. गुठळी विरघळवणारे औषध, धमनी उघडण्याची प्रक्रिया, नंतरच्या गोळ्या या गोष्टी गरिबाला कमी मिळाल्या होत्या, म्हणून तो अधिक मेला. बंधूंनो, हे वाक्य आम्ही अनेकदा वाचले आणि प्रत्येक वेळी थांबलो. पाण्याच्या हक्कासाठी महाडला गेलेल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

जगाचे चित्रही असेच आहे. भारतासह १७ देशांतील दीड लाखांहून अधिक लोकांच्या 'प्युअर' अभ्यासाने २०१४ मध्ये दाखवले की, धोक्याची कारणे श्रीमंत देशांत जास्त, पण हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण गरीब देशांत जास्त. त्याच अभ्यासाच्या २०११ मधील निष्कर्षानुसार गरीब देशांत हृदयविकार वा पक्षाघात होऊन गेलेल्यांपैकी ८० टक्के लोक त्यावरची एकही गोळी घेत नव्हते. या गोळ्या काही सोन्याच्या नाहीत. त्यांतल्या बहुतेक सरकारी दवाखान्यात मिळतात.

तिसरी गोष्ट निरोधाची. हे दुःख कमी होते काय? होते, आणि त्याला पुरावा आहे. सन १९८८ मध्ये १७,१८७ रुग्णांवरील एका चाचणीत साध्या ॲस्पिरिनने झटक्यानंतरच्या पाच आठवड्यांतील मृत्यू २३ टक्क्यांनी, स्ट्रेप्टोकायनेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने २५ टक्क्यांनी आणि दोन्ही मिळून ४२ टक्क्यांनी कमी झाले. सन १९९४ मध्ये ४,४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीत कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळीने एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. तमिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या रुग्णालयांशी जोडून, रुग्णवाहिका व उपचार यांची साखळी बांधण्यात आली. तेथे मोठा झटका आलेल्यांचे वर्षभरातील मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. हा अहवाल २०१७ चा. म्हणजे साखळी नीट बांधली तर माणसे वाचतात.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे आमचे कर्तव्य आहे. पहिली, ॲस्पिरिन सर्वांनी रोज घ्यावी असा याचा अर्थ नाही. हृदयविकार नसलेल्या १९ हजारांहून अधिक वृद्धांवरील २०१८ च्या चाचणीत रोजच्या ॲस्पिरिनने लाभ झाला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. दुसरी गोष्ट, स्टेंट म्हणजे सर्व काही नव्हे. झटका चालू असताना धमनी उघडणे जीव वाचवते. पण ज्यांचा त्रास स्थिर आहे, चालताना दुखते व थांबल्यावर राहते, अशा ५,१७९ रुग्णांच्या 'इस्केमिया' चाचणीत, २०२० मधील अहवालानुसार, आधीच अँजिओप्लास्टी वा बायपास केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. छातीतले दुखणे मात्र कमी झाले. तेव्हा घाबरून दागिने मोडण्यापूर्वी डॉक्टरांना शांतपणे विचारावे की, हे आजच करायला हवे काय, गोळ्यांवर भागेल काय. स्टेंटच्या किमतीवर सरकारने २०१७ पासून मर्यादा घातली आहे, हेही ठाऊक असावे.

ध्यानाविषयी उपासक नेहमी विचारतात. ध्यानाने मन शांत होते, ताण हलका होतो, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण भारतातील २४ रुग्णालयांत झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांना योगावर आधारित पुनर्वसन देऊन पाहिले गेले. सन २०२० च्या अहवालात त्यांची प्रकृती त्यांना स्वतःला अधिक चांगली वाटली, ते नेहमीच्या कामाला अधिक चांगले लागले. नवे झटके व मृत्यू मात्र खात्रीने कमी झाले असे सिद्ध झाले नाही. तेव्हा ध्यान करावे आणि गोळीही घ्यावी.

शेवटी मार्ग. तो आपल्या हातात आहे.

छातीत दाब, आवळल्यासारखे दुखणे, ते हात, जबडा वा पाठीकडे जाणे, घाम, धाप, मळमळ, यांतले काही झाले आणि थोड्या विश्रांतीने थांबले नाही तर पित्त समजून बसू नये. स्त्रियांना व मधुमेह असलेल्यांना कधी छातीत दुखतही नाही. नुसती धाप, अशक्तपणा, घाम एवढेच होते. १०८ ला फोन करावा. ॲस्पिरिन द्यायची की नाही, हे डॉक्टरांना विचारावे. रुग्णाला चालवत नेऊ नये. जेथे ईसीजी निघतो व उपचार होतो तेथेच न्यावे. असे जवळचे ठिकाण कोणते, हे आजच ठरवून विहाराच्या फलकावर लिहावे.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या एकत्रित योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराचे संरक्षण आहे व हृदयविकाराचे अनेक उपचार त्यात येतात. कार्ड आणि शिधापत्रिका घरात कोठे ठेवली आहे, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे. मध्यरात्री पेटी उपसत बसण्याची वेळ येऊ नये.

तिसरे काम मंडळाचे. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका येथील ग्रामीण भागात आरोग्यसेविका घरोघर जाऊन रक्तदाब मोजत, सल्ला देत, गरजूंना दवाखान्यात पाठवत. दोन वर्षांत तेथील २,६४५ रुग्णांत, ज्यांच्याकडे त्या गेल्या त्यांचा रक्तदाब इतरांपेक्षा सरासरी ५ अंकांनी अधिक उतरला. सन २०२० चा हा अहवाल वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आपल्या महिला मंडळाच्या भगिनी आल्या. रक्तदाब मोजण्याचे यंत्र आपली संस्था घेऊ शकते. दर पौर्णिमेला वंदनेनंतर तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब मोजावा, वहीत लिहावा. ज्यांचा वाढलेला दिसेल त्यांच्यासोबत कोणीतरी सरकारी दवाखान्यात जावे. गोळी सुरू झाली की 'आता बरे वाटते' म्हणून ती बंद होणार नाही, याची विचारपूस शेजाऱ्याने करावी. भोजनदानात मीठ, पापड, लोणचे कमी करावे. दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे एक चमचाभरही नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

बाबासाहेब स्वतः मधुमेहाने ग्रासलेले होते आणि ६५ व्या वर्षी आपल्याला सोडून गेले. आणखी दहा वर्षे मिळाली असती तर, हा विचार आपण दरवर्षी ६ डिसेंबरला करतो. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घराला आपल्या कर्त्या माणसाबद्दल तोच विचार करावा लागतो.

पुढच्या पौर्णिमेला त्या वहीत पहिले नाव कोणाचे लिहायचे, एवढे आज ठरवून उठावे, ही नम्र विनंती. आमचा स्वतःचा हात आम्ही सर्वांत आधी पुढे करतो.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम, नमो बुद्धाय.