मागणीची वही कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग सुरू केला. त्याला शतकाहून अधिक काळ लोटला. धोट्याच्या मागाशेजारी रॅपियर आला, एअरजेट आला. पण माग चालावा की थांबावा हे जिच्यावरून ठरते, ती गोष्ट मागाच्या शेडमध्ये आजही जन्म घेत नाही. ती म्हणजे मागणी. व्यापारी पेठेत सौदा ठरवतो आणि दलालामार्फत तो खर्चीवाल्यापर्यंत येतो. सूत किती नंबरचे, पन्हा किती इंचांचा, इंचाला तारा किती, पिक किती, मीटर किती आणि माल केव्हा हवा, एवढाच त्याचा मजकूर. पूर्वी तो चिठ्ठीवर असे, पुढे दूरध्वनीवर आला, आता हातातल्या फोनवर चार ओळींत येतो. भाव पडला की त्या चार ओळी पुसूनही टाकता येतात. मागावर चढलेले बीम मात्र पुसता येत नाही.

खर्चीवाला म्हणजे ज्याचा माग स्वतःचा, पण सूत परक्याचे आणि कापडही परक्याचे, असा मजुरीवर विणणारा मनुष्य. कागदोपत्री तो मालक असतो. आपण नेमके कोणासाठी विणतो, तो तागा शेवटी कोणत्या दुकानात कोणत्या भावाने उलगडला जातो, हे त्याला ठाऊक नसते. त्याच्याकडच्या कामगाराला तर व्यापाऱ्याचे नावही पुष्कळदा माहीत नसते. या अज्ञानाला योगायोग म्हणता येणार नाही. व्यापाराची सारी बांधणीच त्यावर उभी आहे.

याची सर्वांत कडू आठवण मुंबईची आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्यांची धुराडी थंडावली, पण बाजारात गिरण्यांचे कापड येतच राहिले. ते भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर विणले जात होते आणि त्यावर गिरणीचा छाप पडत होता. दरवाजावर पहारा देणाऱ्या संपकऱ्याला आत जाणारा माणूस दिसत होता. मागणी कोणत्या रस्त्याने बाहेर गेली, ते दिसत नव्हते. दुसरीकडे भिवंडीच्या शेडमध्ये बारा-बारा तास उभ्या असलेल्या विणकराला आपण कोणाचा संप विणून काढत आहोत याची कल्पना नव्हती. दोघांमध्ये शत्रुत्व नव्हते. दोघांच्या मधला कागद मालकाच्या कपाटात होता, एवढेच.

आज त्या कपाटाची जागा संगणकाने घेतली आहे. कापडधंद्यात मागणीची नोंद, सुताची खरेदी, मागांची वाटणी, तपासणी, रवानगी आणि वसुली ही सारी साखळी एका पडद्यावर दिसावी, यासाठी नाना प्रकारच्या संगणकीय व्यवस्था विकल्या जात आहेत. ताग्यावर पट्ट्यांची किंवा चौकटीची खूण छापलेली असते, मागावर पिक मोजणारा गणक बसलेला असतो, कापडातील दोष कॅमेरा टिपतो. विकणारा सांगतो की यामुळे वेळ वाचेल, नासाडी टळेल. कार्यकर्त्याने हे ऐकताच नाक मुरडण्याचे कारण नाही, कारण सांगणाऱ्याचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे.

मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील जे फॉरेस्टर यांनी १९६१ साली उद्योगांच्या गतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात एक साधी गोष्ट दाखवून दिली. ग्राहकाची मागणी थोडीशी वाढली तर दुकानदार सावधगिरी म्हणून त्याहून थोडी अधिक नोंदवतो. घाऊक व्यापारी त्यावर आपली भर घालतो. कारखानदार त्याहून मोठा घास घेतो. प्रत्येकाला दिसते ती फक्त पुढच्याची चिठ्ठी. प्रत्यक्ष विक्री कोणालाच दिसत नाही. परिणामी दुकानातली लहानशी लाट सूतगिरणीपर्यंत पोचताना पूर होते, आणि ओसरताना सारे कोरडे करून जाते. व्यवस्थापनशास्त्रात याला आसुडाच्या फटक्याची उपमा देतात: मूठ किंचित हलते, टोक हातभर फेकले जाते. कापडधंद्यात त्या टोकाशी कोण उभे असते, हे या सभेत सांगावे लागू नये. दिवाळीपूर्वी दोन पाळ्यांचे काम एका माणसाकडून करवून घेतले जाते आणि दिवाळीनंतर त्याच माणसाला गावी पाठवले जाते. अर्थशास्त्रज्ञ याला बाजाराची तेजीमंदी म्हणतील. तिचा बराचसा भाग माहिती लपल्यामुळे निर्माण होतो.

१९८०च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतील कापडउद्योगाने याचा हिशेब करवून घेतला. कच्च्या मालापासून ग्राहकाच्या हातात कपडा पडेपर्यंत ६६ आठवडे लागत होते. त्यांपैकी कारखान्यात प्रत्यक्ष काम चालायचे अवघे ११ आठवडे. ४० आठवडे माल गोदामांत किंवा वाटेवर असे, उरलेले १५ दुकानात. कामगाराच्या वेगावर दशकानुदशके घड्याळ रोखून धरणाऱ्या धंद्याला प्रथमच कळले की वेळ खाणारा कामगार नव्हता. तेव्हा दुकानातील विक्रीची नोंद थेट गिरणीच्या संगणकाकडे पोचवण्याची पद्धत सुरू झाली. परदेशी मालाशी टक्कर देऊन देशातले काम देशात राखावे, हा तिचा जाहीर हेतू होता.

काम राहिले नाही. अमेरिकेतील तयार कपड्यांच्या उद्योगातील रोजगार १९९० ते २०११ या काळात ८० टक्क्यांहून अधिक घटला. कोणता कपडा, किती नग, कोणत्या मापाचे, हे इतके अचूक सांगता येऊ लागले, तेव्हा ते शेजारच्या गिरणीलाच सांगण्याचे कारण उरले नाही. व्यापारी करार आणि मजुरीतील तफावत यांनी काम बाहेर नेले हे खरे. पण दूरच्या कारखान्यावर खिडकीतून देखरेख ठेवावी तशी देखरेख शक्य झाली ती या यंत्रणेने. स्पेनमधील झारासारख्या कंपनीने वेगळी वाट धरली. तिच्या दुकानांचे व्यवस्थापक आठवड्यातून दोनदा हातातील यंत्रावरून मागणी नोंदवत, आणि झटपट खपणाऱ्या मालाचा मोठा भाग ती स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को अशा जवळच्या प्रदेशांत शिवून घेई. तंत्र तेच, एकाने त्याने काम दूर नेले, दुसऱ्याने जवळ ठेवले. म्हणजे प्रश्न यंत्राने सुटत नाही आणि यंत्राने बिघडतही नाही.

मग बिघडतो कशाने? याचे उत्तर २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये बांगलादेशात मिळाले. महासाथीमुळे युरोप-अमेरिकेतील दुकाने बंद झाली आणि खरेदीदार कंपन्यांनी मागण्या रद्द केल्या किंवा रोखून धरल्या. तेथील कारखानदारांच्या संघटनेने दिलेला आकडा ३१८ कोटी डॉलरचा होता. सुमारे ११५० कारखाने आणि २२ लाखांहून अधिक कामगार त्यात सापडले. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील अभ्यासकांनी त्या मार्चमध्ये केलेल्या पाहणीत आढळले की पुरवठादाराने आधीच घेतलेल्या कापडासारख्या कच्च्या मालाचे पैसे देण्यास ७२ टक्के खरेदीदारांनी नकार दिला. या कंपन्यांची संगणकव्यवस्था जगातील उत्तमांपैकी होती. कोणता सदरा कोणत्या बंदरावर आहे ते त्यांना तासागणिक कळत होते. त्या अचूक नोंदीचा उपयोग झाला तो कोणती मागणी बिनखर्चाने रद्द करता येईल हे शोधण्यासाठी. नोंद दोघांची होती, पण खोडरबर एकाच्या हाती होते. पुढे कामगार संघटना आणि ग्राहक यांनी जाहीर मोहीम चालवली, तेव्हा कित्येक कंपन्यांनी पैसे देण्याचे कबूल केले. संगणकाने दिले नाही ते लोकमताच्या रेट्याने वसूल केले.

त्याआधी, २४ एप्रिल २०१३ रोजी, ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली, तेव्हा तेथे कोणत्या कंपन्यांचा माल शिवला जात होता हे सिद्ध करण्यासाठी कार्यकर्त्यांना ढिगाऱ्यातून लेबले आणि कागद वेचावे लागले. त्या संगणकयुगात! त्यानंतर झालेल्या इमारत आणि अग्निसुरक्षा करारात कारखान्यांची यादी प्रसिद्ध करावी लागली, ही त्या कराराची मोठी कमाई. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या नव्या नियमानुसार पुढे कापडाच्या वस्तूंनाही संगणकीय ओळखपत्र लागू व्हायचे आहे. त्याचा भर टिकाऊपणा, पुनर्वापर आणि रसायने यांवर आहे. कपडा किती पाण्यात धुतला हे कदाचित कळेल. तो किती मजुरीत शिवला हे सांगण्याची सक्ती त्या ओळखपत्रात नाही.

आता घरचा प्रश्न. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत देण्याचे बंधन घातले. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. कायदा इतका कडक की त्याच्यावर कोणी फिर्याद करीत नाही, कारण फिर्याद करणाऱ्याला पुढचा सौदा मिळत नाही. २०२३च्या वित्त कायद्याने आणखी एक पाऊल टाकले: सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च प्राप्तिकरात वजा मिळणार नाही. लगेच २०२४च्या आरंभी सुरतसह अनेक कापडपेठांत कुरकुर सुरू झाली, माल परत येऊ लागला, नोंदणी असलेल्या लहान विणकराऐवजी बिननोंदणीचा बरा असे व्यापारी म्हणू लागले. लहान माणसाला संरक्षण दिले की मोठा माणूस त्यालाच वगळण्याची धमकी देतो, हा जुना अनुभव पुन्हा आला.

या कायद्यात एक बारीक कलम आहे. त्याच्याकडे कार्यकर्त्यांचे लक्ष हवे. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला गेला असे कायदा मानतो. यंत्रमागाच्या व्यवहारात काय घडते? दोन महिन्यांनी हिशेबाच्या वेळी व्यापारी सांगतो, इतके मीटर डॅमेज, इतकी घट, एवढा वटाव. खर्चीवाला मुकाट्याने ऐकतो, कारण माल कोणत्या दिवशी पोचला आणि हरकत कोणत्या दिवशी घेतली याचा पुरावाच त्याच्याजवळ नसतो. येथे संगणकीय नोंद खरोखर लहान माणसाच्या उपयोगी पडेल. सौद्याचा मजकूर, रवानगीची तारीख, पोच, हरकत आणि देणे, या पाच गोष्टी दोघांनाही दिसतील आणि एकट्याला पुसता येणार नाहीत, अशा नोंदवहीत असल्या तर अर्धे भांडण मिटते. असे काही अशक्य आहे असेही नाही. राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजारांवरील मालाच्या ट्रकची संगणकीय नोंद सरकार २०१८ पासून घेतेच आहे. कर बुडू नये म्हणून जी यंत्रणा उभी राहते, ती मजुरी बुडू नये म्हणून उभी राहू शकत नाही, हे कोणाला पटावे?

ही वही खाजगी कंपनीच्या हाती देऊ नये. ती देईल ती सोय आज फुकट असेल, उद्या तिचे भाडे लागेल, आणि कोणता खर्चीवाला किती कमी मजुरीत विणतो ही माहितीच तिचा माल होईल. वही यंत्रमागधारकांच्या सहकारी संस्थेकडे असावी. सहकारी संस्थांचे पुढे काय होते हे महाराष्ट्राला सांगायला नको. म्हणून तिच्या व्यवस्थेत खर्चीवाल्यांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी निवडणुकीने यावेत, व्यापाऱ्याच्या मेहेरबानीने नव्हे.

कामगाराचा प्रश्न याहून निराळा आहे आणि तो मालकाच्या प्रश्नात बुडवता कामा नये. मागावरचा गणक केवळ पिक मोजत नाही. माग किती वेळ थांबला आणि का थांबला तेही नोंदवतो. ताणा तुटला, बाणा संपला, वीज गेली, बीम संपले आणि सायझिंगमधून नवे आले नाही. अनेक माग एकटा सांभाळणारा विणकर पिकावर आणि मीटरवर मजुरी घेतो. म्हणून थांबलेल्या मागाचा प्रत्येक मिनिट त्याच्या खिशातून जातो, कारण कोणतेही असो. आजवर त्याला हे सिद्ध करता येत नव्हते. आता यंत्रच सिद्ध करते. मात्र तो कागद मालकाच्या खोलीतल्या पडद्यावर असतो आणि कामगाराला दिसतो तो फक्त त्याच्या सुस्तपणाचा आकडा. १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्त्यातील कर्मचाऱ्यांनी संगणक येऊच नये म्हणून लढा दिला. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यंत्र येण्याच्या अटींवर करार केला. दोन्ही लढ्यांमागची भीती खोटी नव्हती. यंत्रमागावर आज यंत्र येऊन बसलेलेच आहे, तेव्हा दुसरी वाट उपयोगाची.

इचलकरंजीत मजुरीवाढीची बोलणी होतात तेव्हा ५२ पिकांच्या मीटरचा दर टेबलावर येतो. त्याच टेबलावर गणकाचा महिन्याचा कागद मागितला पाहिजे. वीज, बीम आणि सुतामुळे झालेल्या थांब्याची वेगळी बेरीज आणि त्या वेळेची मजुरी मागितली पाहिजे. मेंडिंग करणाऱ्या स्त्रिया आणि कांडीवाले या कागदात कोठेच नसतात. त्यांचे काम नगावर मोजले जाते आणि नोंद कोणीच ठेवत नाही. त्यांची वही आधी हाताने लिहावी लागेल. त्यासाठी प्रत्येक शाखेने येत्या महिन्यात आपल्या पेठेतल्या दहा खर्चीवाल्यांकडे आणि दहा कामगारांकडे बसून मागच्या तीन सौद्यांच्या तारखा लिहून काढाव्यात: सौदा केव्हा झाला, माल केव्हा गेला, कपात केव्हा सांगितली, पैसे केव्हा आले, आणि मधल्या काळात माग किती दिवस उभा होता.