आजीचं माहेरचं नाव



कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या पुष्कळशा फ्रेंच घराण्यांना आपला मूळपुरुष सतराव्या शतकापर्यंत मागे जाऊन शोधता येतो. तेवढ्याच खात्रीनं त्यांना आपल्या आज्या-पणज्याही सापडतात, आणि मला त्याचं अधिक मोल वाटतं.

याचं श्रेय चर्चच्या वह्यांना आहे. क्वेबेक शहर १६०८ साली वसलं आणि तिथल्या नोंदी १६२१पासून सुरू होतात. १६४० साली चर्चला आग लागून वह्या जळाल्या, तेव्हा पाद्र्यांनी लोकांना विचारून विचारून त्या पुन्हा लिहून काढल्या. पुढे प्रत्येक नोंद दोन प्रतींत होऊ लागली. एक प्रत चर्चकडे राही, दुसरी सरकारदरबारी जाई.

अशा वहीतली लग्नाची एक नोंद पाहा. समासात ‘एम’ (मारियाज, म्हणजे लग्न) हे अक्षर आणि वधूवरांची नावं. मजकुरात वराचे आईवडील, वधूचे आईवडील, त्यांची गावं, साक्षीदार. ज्यांना सही करता येत नाही, त्यांनी तसं सांगितल्याचंही पाद्री लिहून ठेवतो. यात दोघांच्या आया त्यांच्या जन्माच्या आडनावानं येतात. चाळीस वर्षं संसार करून बाई वारली, तरी दफनाच्या नोंदीत तिचं माहेरचंच आडनाव असतं आणि पुढे ‘अमक्याची पत्नी’. त्यामुळे एका लग्नातून चार आईवडील हाती लागतात. मग त्यांची लग्नं शोधायची. लग्न बहुधा वधूच्या गावी होई, म्हणून कुठल्या गावची वही उघडायची हेही कळतं.

१६६३ ते १६७३ या काळात फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या खर्चानं तिथून सुमारे ७७० स्त्रिया क्वेबेकच्या फ्रेंच वसाहतीत संसार थाटायला आल्या. कित्येकींचे वडील आधीच वारले होते. या वह्या नसत्या, तर इतिहासानं त्यांचा नुसता आकडा ठेवला असता. आज त्यांचे वंशज त्यांना नावानिशी ओळखतात.

पुरुषांच्या आडनावांत मात्र भलता गुंता आहे. १६६५ साली कारीन्यां-सालिएर या फ्रेंच पलटणीचे सुमारे बाराशे सैनिक आले आणि त्यांतले चारशेएक तिथेच राहिले. फ्रेंच सैन्यात शिपायाला टोपणनाव असे: लाफ्लर म्हणजे फूल, सांसूसी म्हणजे बिनघोर, लाजनेस म्हणजे तारुण्य. मूळ आडनाव, मग ‘दी’ म्हणजे ‘ऊर्फ’, मग हे दुसरं नाव, अशी जोडी तयार होई. शिपाई नसलेल्या घरांतही ही चाल होती. मिव्हील दी देशेन या घराण्याचे काही वंशज आज मिव्हील आहेत, तर काही देशेन. सख्ख्या भावांची मुलंसुद्धा वेगवेगळ्या आडनावांनी सापडतात. शोधणाऱ्यानं दोन्ही आडनावं हाताशी ठेवली नाहीत, तर वाट तिथेच खुंटते.

पहिल्या नावांचीही अडचण आहेच. पुढे पुढे जवळजवळ प्रत्येक मुलाच्या नावाआधी जोसेफ आणि मुलीच्या नावाआधी मारी लावण्याची रीत रुळली. घरात हाक मारायचं नाव बहुधा शेवटी येतं. एखादं मूल दगावलं, तर पुढच्या बाळाला पुष्कळदा तेच नाव देत.

एकोणिसाव्या शतकात हजारो कुटुंबं पोटासाठी अमेरिकेतल्या कापडगिरण्यांत गेली. तिथे आडनावांचं इंग्रजी भाषांतर होऊन रुआचा किंग झाला, बुआव्हेरचा ग्रीनवुड. नातवंडांना मूळ आडनाव ठाऊकच नाही, अशी घरं थोडी नाहीत.

या साऱ्या वह्या चाळून सिप्रियां टांगे या पाद्र्यानं १८७१ ते १८९० या काळात वंशावळींचा सात खंडांचा कोश छापला. त्यात चुका आहेत, पण इतक्या गावांच्या वह्या धुंडाळण्याच्या त्यांच्या चिकाटीला मी हात जोडतो. १९६६पासून माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी जुन्या नोंदी एकमेकींशी जुळवायचं काम हाती घेतलं.

जुन्या वह्यांतल्या बायकांप्रमाणेच क्वेबेकमध्ये १९८१पासून कायद्यानंच विवाहित स्त्री जन्माचं नाव चालवते.

श्रोतेहो, आपल्याकडच्या जुन्या वंशावळींत सून बहुधा सासरच्या नावानं येते, आणि कित्येकदा येतच नाही. तुम्ही घराण्याची माहिती लिहायला घेतली असेल, तर प्रत्येक आजीचं माहेरचं नाव, आडनाव आणि गाव आधी लिहा. सांगणारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्या.