पैसे आधीच भरले की जेवण स्वस्त पडतं का?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं की, उन्हाळ्यात अमेरिकेत बहिणीकडे चाललोय, तिथून सगळे फ्लोरिडाला डिस्ने वर्ल्ड बघायला जाणार आहोत, हॉटेल बुक करताना तो डायनिंग प्लॅन घ्यायचा की नाही? त्यांना लगेच उत्तर दिलं नाही, कारण याच प्रश्नावर आमच्या घरात दोन आठवडे व्हिडिओ कॉल चालू होते आणि ते सगळं दोन ओळींत सांगता येण्यासारखं नाही. म्हणून आजचा पूर्ण भाग त्यावरच.

गोष्ट २०२४ च्या जूनची. दादा न्यू जर्सीत असतो. तो, वहिनी, दहा वर्षांचा पुतण्या, सहा वर्षांची पुतणी, आणि तीन महिन्यांसाठी तिकडे गेलेले आई-बाबा. सहा माणसं, दोन खोल्या, पाच रात्री. मी पुण्यात बसून हिशेब करणारा. घरात एक्सेल येणारा मी एकटाच आहे असा सगळ्यांचा समज आहे. तो मी मोडत नाही.

आधी प्लॅन काय आहे ते सांगतो, कारण नावावरून वाटतं की पैसे भरले, आता दिवसभर काहीही खा. तसं नाहीये. हा प्लॅन डिस्नेच्याच हॉटेलात राहणाऱ्यांना पॅकेजबरोबर मिळतो. २००५ साली सुरू झाला, कोविडमध्ये २०२० ला बंद पडला आणि जानेवारी २०२४ मध्ये परत आला. त्याचे दोन प्रकार आहेत. साध्या क्विक सर्व्हिस प्लॅनमध्ये माणशी दर रात्रीमागे दोन काउंटरवरची जेवणं आणि एक स्नॅक. मोठ्या प्लॅनमध्ये एक काउंटरचं जेवण, एक टेबलावर बसून वेटरने आणून दिलेलं जेवण, आणि एक स्नॅक. दोन्हींत एक मग मिळतो, तो हॉटेलात कितीही वेळा भरून घ्या, पण पार्कात भरून मिळत नाही. टॅक्स प्लॅनमध्ये आला, टिप नाही.

‘रात्रीमागे’ हा शब्द लक्षात ठेवा. पाच रात्री म्हणजे सहा दिवस. सहा दिवसांत माणशी दहा जेवणं. म्हणजे तिन्ही वेळचं जेवण यात बसतच नाही, नाश्ता तुमचा तुम्ही बघायचा.

आता दर. २०२४ ला क्विक सर्व्हिस मोठ्या माणसाला रात्रीला ५७.०१ डॉलर, तीन ते नऊ वर्षांच्या मुलाला २३.८३. मोठा प्लॅन ९४.२८ आणि २९.६९. आज दर याहून वर गेलेत, पण हिशेबाची पद्धत तीच. आणि दहा वर्षं पूर्ण झाली की मूल मोठ्यांत! आमचा पुतण्या दहाचा. पैसे मोठ्या माणसाचे, पोट मात्र दहा वर्षांच्या मुलाचं. अर्ध्या पिझ्झ्यात खलास.

सहा जणांचे पाच रात्रींचे क्विक सर्व्हिसचे झाले १,५४४ डॉलर. तेव्हाच्या ८३ च्या भावाने सव्वा लाखाच्या वर. बाबांना हा आकडा सांगितला तेव्हा फोनवर जी शांतता पसरली ना, मला वाटलं नेटवर्क गेलं.

मी मेनू उघडले. डिस्नेचे सगळे मेनू भावासकट ऑनलाइन असतात, त्यामुळे हे काम कोणालाही करता येतं. काउंटरवरची शाकाहारी डिश साधारण १३ डॉलर धरली, कोल्ड्रिंक ५, स्नॅक साडेसहा, वर साडेसहा टक्के टॅक्स. मग साधारण २२ डॉलरचा, तो पाच रात्रींत वाटला. म्हणजे दोन्ही जेवणांबरोबर कोल्ड्रिंक घेणारा, स्नॅक खाणारा, मग वापरणारा शाकाहारी माणूस रोख पैसे देऊन जेवला तर दिवसाला साधारण ५० डॉलर होतात. प्लॅनचे ५७. सात डॉलरचा तोटा.

पण आमच्याकडे कोल्ड्रिंक कोण पितं? आई-बाबा पाणी पिणार. आणि पार्कात कुठल्याही काउंटरवर मागितलं की बर्फ घातलेलं पाणी ग्लासात फुकट देतात. मग हिशेब ३५ डॉलरवर येतो. म्हणजे माणशी रोजचे २२ डॉलर पाण्यात. अक्षरशः पाण्यात.

प्लॅनची सगळी मेख इथे आहे. तो डॉलर मोजत नाही, ताटं मोजतो. एका क्रेडिटमध्ये एक मुख्य डिश आणि एक पेय. पेय म्हणजे साधी कोक पण चालते, मिल्कशेक पण चालतो आणि २१ वर्षांच्या वरच्यांना बिअर किंवा कॉकटेल पण चालतं. क्रेडिट मात्र एकच जातं. बिअर ११ डॉलरला आहे असं समजा आणि दोन्ही जेवणांबरोबर घ्या, तर तेच ५० डॉलर ६२-६३ होतात आणि प्लॅन फायद्यात जातो. म्हणजे दराची आखणी अशा माणसाला धरून आहे जो महागातली डिश घेतो आणि बरोबर बिअर घेतो. न पिणारा शाकाहारी माणूस त्याच पंगतीत बसतो, तेवढेच पैसे भरतो आणि टोफूचा बोल खाऊन उठतो. (अॅनिमल किंग्डममधल्या सातुली कँटीनचा टोफू बोल चांगला असतो, वहिनीचं मत. बाबांचं मत वेगळं आहे.)

लहान मुलांचं गणित मात्र उलटं. किड्स मीलमध्ये पेय असतंच, भाव आठेक डॉलर. दोन जेवणं, स्नॅक, मग मिळून २८-२९ डॉलर होतात आणि प्लॅन २३.८३ चा. पाच डॉलर वाचले. मोठ्या प्लॅनमध्ये तर मुलं फारच फायद्यात. मिकी-मिनी टेबलापाशी येऊन भेटतात ती कॅरेक्टर जेवणं असतात ना, त्यात मुलांचे चाळीसेक डॉलर लागतात. ते एक जेवणच मुलाच्या अख्ख्या दिवसाच्या प्लॅनपेक्षा महाग! मी दादाला म्हटलं, घे की मग फक्त पिल्लूचा प्लॅन. तर तसं नाही चालत. एका बुकिंगमधल्या तीन वर्षांवरच्या प्रत्येकाने तोच प्लॅन घ्यायचा. फायदा मुलांच्या ताटात ठेवलाय आणि त्याचं तिकीट आई-बापाच्या खिशात. हुशार लोक आहेत.

मोठा प्लॅन पण तपासला. कॅरेक्टर बुफेला मोठ्यांचे ६० ते ७० डॉलर. रोज एक असं जेवण घेतलं तर मोठ्यांचे पण पाच-सहा डॉलर वाचतात. पण रोज? जूनच्या उन्हात, दुपारी हमखास पाऊस, त्यात दीड-दोन तास जेवायला बसायचं, ६० दिवस आधी जागा राखून ठेवायच्या, आणि सहा किंवा जास्त माणसं असली की १८ टक्के टिप बिलात आपोआप लागते. आमच्या सहा जणांची एका बसण्याची टिप ६६ डॉलर, पाच दिवसांचे ३३०. प्लॅनने वाचवलेलं सगळं टिपेत गेलं असतं. आणि सिंड्रेलाच्या किल्ल्यात जेवायचं तर दोन क्रेडिट जातात. तो पर्याय मी तिथेच बंद केला.

एवढं सगळं करून मी जाहीर केलं की प्लॅन घेऊ नका. कोल्ड्रिंक प्यायलात तर पाच रात्रींत दीडशे डॉलरचा तोटा, पाणी प्यायलात तर साडेपाचशेचा. विषय संपला असं मला वाटलं.

तर वहिनी म्हणाली, “साडेपाचशे गेले तर जाऊ देत. बाबा जेवतील.”

हे नीट सांगायला पाहिजे. बाबांना डायबेटिस आहे, गोळ्या चालू आहेत. मे महिन्यात ते सगळे एक दिवस न्यूयॉर्कला फिरायला गेले होते. बाबा एसटीतून निवृत्त झालेत, पै-पैचा हिशेब ठेवायची सवय. तिथे प्रत्येक बोर्डावरचा भाव ते ८३ ने गुणायचे. दुपारी सगळे जेवायला बसले, यांनी सँडविचचा भाव वाचला, गुणाकार केला आणि म्हणाले, “मला भूक नाही, तुम्ही घ्या.” दोन तासांनी फुटपाथवर दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. साखर उतरली होती. पुतण्याच्या बॅगेत ज्यूस होता म्हणून निभावलं. दादाने मला ते फोनवर सांगितलं तेव्हा त्याचा आवाज वेगळा होता. पंधरा वर्षं तिकडे राहतो, आई-बाबांना पहिल्यांदा नेलंय, आणि बाबा उपाशी राहतात ते त्याचे पैसे वाचावेत म्हणून.

तर वहिनीचा मुद्दा असा की, पैसे आधीच भरलेले असले की बाबा भाव बघणार नाहीत. उलट ‘भरलेत ना, मग सोडायचं कशाला’ म्हणून नीट जेवतील. माझ्या एक्सेलमध्ये याला रकाना नव्हता.

मी दोन दिवस गप्प बसलो. मग उलट बाजूने विचार केला. ‘सोडायचं कशाला’ हे पण बाबांना चांगलं नाही. क्रेडिट उरलं तर पुढच्या दिवशी वापरता येतं, पण चेक-आउटच्या दिवशी मध्यरात्री संपतं. शेवटच्या दिवशी लोक उरलेल्या स्नॅकच्या क्रेडिटमधून कुकी आणि चॉकलेटं पिशव्या भरून घेतात. आणि स्नॅकची यादी बघितली तर आइस्क्रीम, चुरो, कपकेक. बाबांनी ते सोडलं नसतं. त्यात आईची संकष्टी त्याच आठवड्यात. बटाटा चालतो, पण फ्राईज कुठल्या तेलात तळल्यात, हा प्रश्न ती अमेरिकेत पण विचारते. तिची दोन क्रेडिटं दुसऱ्या दिवशी कोणीतरी बळंच संपवली असती.

म्हणजे आम्हाला प्लॅन नको होता, फक्त ‘पैसे आधीच भरलेत’ ही भावना हवी होती. ती वेगळी विकत मिळते! डिस्नेचं गिफ्ट कार्ड असतं, हवी तेवढी रक्कम भरायची, पार्कात आणि हॉटेलात खाण्यापिण्याला चालतं. दादाने आई-बाबांसाठी ४०० डॉलरचं कार्ड घेतलं आणि निघायच्या आदल्या रात्री बाबांच्या हातात दिलं. म्हणाला, हे पैसे भरून झालेत, तिथेच संपवायचेत, रोख परत मिळत नाहीत.

बाबा बदललेच हो. कार्ड त्यांच्याकडे, म्हणजे खजिनदार ते. काउंटरवर स्वतः जायचे, पावती घडी करून खिशात ठेवायची, रात्री वहीत शिल्लक लिहायची. वेळेवर जेवले. तिसऱ्या दिवशी उन्हात सगळ्यांना मिकीच्या आकाराचं आइस्क्रीम त्यांनी घेतलं, स्वतः मात्र आईच्यातला एक घास. सकाळचा नाश्ता खोलीत, कारण फ्रीज आणि कॉफीचं यंत्र खोलीत असतंच. वहिनीने इन्स्टंट उपम्याची पाकिटं नेली होती, आईने न्यू जर्सीतच केलेला चिवडा होता. डिस्नेमध्ये स्वतःपुरतं खाणं पार्कात नेऊ देतात, फक्त काचेची बाटली आणि दारू नको. आपल्याकडे बऱ्याच पार्कांच्या दारात डबा काढून घेतात, त्यामुळे बाबांनी चिवड्याची पिशवी पहिल्या दिवशी शर्टाच्या आत लपवली होती. सिक्युरिटीवाल्याने बघितलं, हसला आणि जाऊ दिलं.

पिल्लूसाठी एक कॅरेक्टर नाश्ता केला, एकच. त्याची टिप, खोलीतला नाश्ता, सगळं धरून सहा जणांचा खर्च १,२७० डॉलर झाला. बाबांच्या वहीत सेंटासकट आहे. प्लॅनपेक्षा पावणेतीनशे कमी, आणि प्लॅनमध्ये तो मिकीचा नाश्ता नव्हताच.

आता तुमचं. आमचं उत्तर तुमच्या कामाचं असेलच असं नाही. २०२६ च्या मुक्कामासाठी त्यांनी पॅकेजमध्ये मोठ्यांनी प्लॅन घेतला तर तीन ते नऊच्या मुलांचा प्लॅन फुकट ठेवलाय. पण आई-वडील दोघं पाणी पिणारे आणि मूल एकच असेल, तर फुकटातसुद्धा जमत नाही. माझ्या जुन्या आकड्यांनी दोघांचे ४४ डॉलर जातात आणि मुलाचे पंचवीस-तीस वाचतात. दोन लहान मुलं असतील तर जमतं. दोघं रोज बिअर घेणारे असतील तर एका मुलात पण जमतं. आणि कधी कधी ‘प्लॅन फुकट’ अशी ऑफर येते, तेव्हा खोलीवरची सवलत सोडावी लागते, तर तीही किंमत मांडा.

ज्या श्रोत्याने विचारलं होतं त्यांनी मुलांची वयं, किती रात्री, आणि कोण काय पितं एवढं लिहून पाठवा. शेवटचा प्रश्न खासगी आहे, पण त्याशिवाय हिशेब होत नाही. माझी एक्सेल शीट मी या भागाच्या खाली ठेवतोय, तिच्यात भाव तेवढे आजचे भरा. पुढच्या आठवड्यात भेटू!