आवृत्ती-नियंत्रणाचे दप्तर आणि त्याचा दुसरा वाचक



संगणकाच्या आज्ञावलीत अनेक हातांनी होणाऱ्या प्रत्येक फेरफाराची नोंद, तो कोणी, केव्हा व कशासाठी केला या तपशिलासह जतन करणाऱ्या व्यवस्थेस आवृत्ती-नियंत्रण म्हणतात. आणि तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीप्रमाणे येथेही सामान्यतः जुनी नोंद न खोडता तिच्यापुढे नवी चढविली जाते. हे दप्तर माणसे वाचतात, तशाच पायथन, पर्ल वा रुबी या भाषांत लिहिलेल्या छोट्या स्क्रिप्टही वाचतात. या दुसऱ्या वाचकाची तजवीज बहुधा उशिरा होते, आणि माझ्या मते या शास्त्रातील ते एक मोठे वैगुण्य आहे.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली निर्माण केलेल्या गिट या आवृत्ती-नियंत्रण व्यवस्थेत ‘स्टेटस’ ही आज्ञा दिली असता, कोणत्या फायली बदलल्या याचे विवरण पडद्यावर येते. परंतु ते माणसाच्या सोयीसाठी असल्याने त्याची शब्दयोजना केव्हाही पालटू शकते, आणि त्या वाक्यांवर विसंबलेली स्क्रिप्ट एके दिवशी मुकाट्याने चुकू लागते. म्हणून ‘पोर्सेलिन’ नामक पर्याय देण्यात आला असून, त्याचे स्वरूप पुढील आवृत्त्यांत कायम राहील अशी लेखी हमी आहे. तथापि फायलीचे नाव ‘अहवाल’ असेल, तर गिट मूळच्या मांडणीत ते अवतरणचिन्हांत घालून त्यातील एकेक बाइट अष्टमान अंकांत लिहितो. नुसत्या ‘अ’च्या जागी ३४०, २४४, २०५ असे तीन आकडे उमटतात आणि चार अक्षरांच्या नावाचे पंधरा आकडे होतात. ‘झेड’ हा पर्याय जोडला म्हणजे नावे जशीच्या तशी मिळतात आणि दोन नावांच्या मध्ये शून्य बाइट येतो, जो फायलीच्या नावात कधीच असू शकत नाही. ही योजना मला फार मोलाची वाटते, कारण तिने स्क्रिप्टकर्त्याच्या वाट्याला तर्क करणे ठेवलेलेच नाही.

स्क्रिप्टला थेट आपल्या ग्रंथालयांशी जोडण्याचा याहून बिकट प्रश्न २००० साली आरंभ झालेल्या सबव्हर्जन या दुसऱ्या व्यवस्थेपुढे उभा राहिला. ही ग्रंथालये, म्हणजे लायब्ररी, सी भाषेत आहेत आणि तेथे स्मृती ‘पूल’ नावाच्या साठ्यातून घेतली जाते. काम संपले की सबंध साठा एकदम रिता करतात. पायथनची रीत निराळी: एखादी वस्तू जोवर कोणाला हवी आहे तोवर भाषा ती स्वतःच सांभाळते. स्विग या साधनाने सीमधील कार्ये यंत्रवत् पायथनमध्ये आणली, तेव्हा पूलही त्यांच्याबरोबर आले. आणि ज्या साठ्यातून वस्तू निघाली तो आधीच रिता झाला, तर हातातील वस्तू मृत स्मृतीकडे बोट दाखवीत राहते, हा धोका सरळमार्गी पायथनकाराच्या माथी आला. याच कामासाठी हाताने रचलेल्या पायएसव्हीएन या पायथन-जोडणीने पूल पडद्याआड ठेवून चुकीची वर्दी पायथनच्या रिवाजाप्रमाणे अपवादाच्या रूपाने दिली. श्रम अधिक पडले, पण माझा कौल निःसंशय याच मार्गाला आहे.

गिटची अडचण वेगळी होती. त्याच्या मूळ संहितेत गंभीर चूक आढळताच सारी प्रक्रियाच संपुष्टात येत असे, मग ती संहिता दुसऱ्या आज्ञावलीच्या पोटात कशी ठेवावी? यास्तव लिबगिट२ हे स्वतंत्र ग्रंथालय रचावे लागले, जे चुकीचा क्रमांक परत देते आणि पुढचा निर्णय बोलावणाऱ्यावर सोपविते. मर्क्युरियल या तिसऱ्या व्यवस्थेने एकच प्रक्रिया उघडी ठेवून तिच्याशी नळीवाटे संभाषण करण्याची सोय केली, ज्यामुळे अंतर्भाग बदलण्याची मोकळीक शाबूत राहिली.

दप्तर आणि स्क्रिप्ट यांना जोडणारी अशी माध्यमे रचणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे की, स्क्रिप्टसाठी कायम काय राहील याचा करार पहिल्या आवृत्तीबरोबरच लिहून काढावा, आणि चाचणीच्या फायलींत एक तरी देवनागरी नावाची ठेवावी.