मशीनला खानदेशातली आजी कळेल का?

देशभरातून आलेले मेंदूविकारतज्ज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञ, तसेच मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलेले रुग्ण आणि त्यांचे घरचे लोक, पुण्यात आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत.

१९०६ साली आलॉइस अल्झायमर यांनी ट्युबिंगेनच्या सभेत एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतले बदल मांडले, तेव्हा ती बाई वारली होती. तुम्ही आज जिवंत माणसाच्या एमआरआयमधून, बोलण्या-चालण्यातून आजाराची चाहूल घेऊ पाहता. एमआयटीच्या दिना कटाबी यांच्या गटाने २०२२ मध्ये झोपेतल्या श्वासावरून पार्किन्सन ओळखणारं एआय मॉडेल मांडलं. अंगाला काही न लावता, नुसत्या रेडिओलहरींवरही ते चालतं. कौतुकच आहे.

पण यजमानालाही एका तक्रारीची मुभा असावी. बोलण्यावरून स्मृतिभ्रंश ओळखण्याच्या संशोधनात एक चित्र फार वापरलं जातं. स्टुलावर चढून बिस्किटं चोरणारा मुलगा, भांडी पुसणारी आई, भरून वाहणारं सिंक. हे चित्र बोस्टनच्या एका चाचणीतलं. त्याचं इंग्रजीत वर्णन करणाऱ्या अमेरिकी माणसांच्या ध्वनिमुद्रणांवर कितीतरी मॉडेलं तयार झाली. आता हेच चित्र खानदेशातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या आजीपुढे ठेवा. ती चित्राकडे बघेल, मग तुमच्याकडे बघेल आणि गप्प बसेल. ते गप्प बसणं आजारामुळे, की परक्या माणसासमोरच्या संकोचामुळे? मशीनने ओळखायचं कसं? घड्याळाचं चित्र काढून दाखवा म्हटलं तरी तेच. तिने आयुष्यात पेन्सिल धरलेली नसते. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज गोळा कोण करणार, हे परिषदेच्या या दोन दिवसांत ठरलं तर आमची धावपळ कारणी लागली म्हणायची.

निदानापेक्षा मला, खरं सांगायचं तर, पुढची देखभाल महत्त्वाची वाटते. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं लेकॅनेमॅब हे औषधसुद्धा अल्झायमरचा वेग थोडा कमी करतं, त्याला थांबवत नाही. ओपीडीत डॉक्टरांना मिळतात चार-दहा मिनिटं. पार्किन्सनच्या रुग्णाचं 'ऑन-ऑफ', म्हणजे गोळीचा असर चढणं-उतरणं, मात्र दिवसभर चालू असतं. गोळीचा असर केव्हा उतरतो, हे मनगटावरच्या सेन्सरने टिपलं तर डोस ठरवणं सोपं होतं, आणि सगळं लक्षात ठेवण्याचा सुनेवरचा भारही हलका होतो.

हा दिवसभराचा अनुभव पहिल्या रांगेतल्यांकडेच आहे, म्हणूनच स्वागत समितीने ठरवलं आहे, की प्रत्येक सत्रात माइक आधी पहिल्या रांगेकडे जाईल. तज्ज्ञांनी थोडं थांबावं, ही विनंती.